माकडताप हे नाव कुठून आलं, आणि रिपोर्टवर केएफडी का लिहितात

सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग-बांदा पट्ट्यात काजूचा सीझन आला की तापाची चर्चा सुरू होते आणि लेप्टो, डेंगी, माकडताप सगळी नावं एका दमात घेतली जातात. लेप्टो पावसातला, लावणीच्या चिखलातला. माकडताप साधारण डिसेंबर ते मे, सुक्या जंगलातला.

माकडतापाच्या रिपोर्टवरचं केएफडी म्हणजे क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, हे जंगलाचं नाव आहे. 1957 साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडं मरायला लागली, पाठोपाठ माणसं तापाने पडली, आधी संशय यलो फीवरचा होता पण निघाला नवीनच व्हायरस. कानडीत लोकं ‘मंगन कायिले’ म्हणजे माकडाचा आजार म्हणतात. पुढची कितीतरी वर्षं तो कर्नाटकातच होता, मग केरळ, 2015 ला गोव्यात सत्तरी आणि 2016 ला दोडामार्ग. आपल्याकडे येताना कागदावर केएफडी आला आणि तोंडात माकडताप.

आता या नावावरून खूप घोळ झालाय. माकड चावल्याने होतो, माकडाने उष्टावलेला काजू खाल्ल्याने होतो असं लोकं खरंच समजतात, त्यात वांदर-माकडं बागा उजाड करतात म्हणून राग आधीच असतो. खरं तर माणसाला तो देते गोचीड, तीही बहुतेक वेळा पिल्लू अवस्थेतली, इतकी बारीक की पायावर चढलेली कळतही नाही. माकड स्वतःच या आजाराने मरतं, आणि मेलं की अंगावरच्या गोचिडी खाली पाचोळ्यात उतरतात, तिथून पातेरा गोळा करणारी बाई किंवा काजू वेचणारा माणूस गेला की त्याला लागतात. माणसाकडून माणसाला होत नाही, तरी घरात पेशंट असला की शेजारी यायचे बंद होतात.

नाव बदलून गोचीडताप करा असं काहीजण म्हणतात. दुसरी बाजू अशी की मेलेलं माकड हीच पहिली सूचना असते, नावात माकड आहे म्हणून लोकं लगेच कळवतात आणि आजूबाजूला गोचीड मारायची पावडर मारता येते. हा मुद्दा खोटा नाही. पण मला गोचीडताप जास्त पटतं, कारण कळवायचं काम एखाद्या दिवसाचं आणि अंगाला गोचीड दूर ठेवणारं तेल लावून, पूर्ण कपडे घालून रानात जायचं काम रोजचं, शिवाय लस होती तीही परिणाम कमी म्हणून थांबवली, म्हणजे गोचीड अंगाला लागू न देणं हाच उपाय उरला.

2022 मध्ये मंकीपॉक्सच्या बातम्या आल्या तेव्हा तर विचारूच नका. तो वेगळा, देवीच्या कुळातला व्हायरस, आणि त्याचंही नाव प्रयोगशाळेतल्या माकडांवरून 1958 च्या सुमाराला पडलेलं. त्याचं जगभर एमपॉक्स करून टाकलं, आपला माकडताप तसाच राहिला.

रिपोर्टमधला अजून एक शब्द म्हणजे आयजीएम. ही अँटिबॉडी, म्हणजे व्हायरसशी लढायला शरीर बनवतं तो घटक, रक्तात दिसायला ताप आल्यापासून चार-पाच दिवस लागतात, त्याआधी व्हायरस शोधायचा तर पीसीआर करतात. म्हणून दुसऱ्या दिवशीची आयजीएम निगेटिव्ह आली म्हणजे सुटलो असं धरू नका, प्लेटलेट कमी दिसल्या की डेंगीच असणार असंही नाही, कारण त्या यातही उतरतात. डॉक्टरला रानात कधी गेलो होतो ते आधी सांगा, गोचीड चावल्यापासून ताप यायला साधारण तीन ते आठ दिवस जातात.