अंड्यावरची चाचणी आणि पेशीवरची चाचणी: दोन्ही 'माशांविना', पण एक नव्हे

एखादं रसायन माशांना किती विषारी आहे याच्या अहवालात 'माशांचा वापर न करता चाचणी' असं लिहिलेलं असेल, तर पहिला प्रश्न विचारावा: अंड्यावर की पेशीवर? नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतून परदेशी माल पाठवणाऱ्याला हा फरक माहीत हवाच. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागेत फवारल्या जाणाऱ्या औषधांच्या बाबतीत तर तो जास्तच महत्त्वाचा.

आधी जुनी पद्धत. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची 203 क्रमांकाची चाचणी 1981 पासून आहे. पाण्यातल्या रसायनाच्या प्रमाणाच्या पाच पातळ्या, शिवाय एक साध्या पाण्याची टाकी, प्रत्येकीत किमान सात मासे. 96 तासांत निम्मे मासे कोणत्या पातळीला मरतात ते काढायचं. म्हणजे एका रसायनामागे निदान 42 मासे, आणि त्यातले बरेच मरणारच.

अंड्यावरची चाचणी, क्रमांक 236, 2013 ची. यात झेब्राफिश या छोट्या माशाची नुकतीच फळलेली अंडी घेतात, एका पातळीला 20. वेळ तीच, 96 तास. ही अंडी पारदर्शक असतात, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली जीव घडताना सरळ दिसतो. अंडं गोठून पांढरं पडलं का, पाठीवरचे स्नायूंचे खंड तयार झाले का, शेपटी बलकापासून सुटली का, हृदयाचे ठोके पडतात का, एवढंच रोज पाहायचं. यातलं एक जरी बिघडलं तरी तो गर्भ मेला असं धरतात. युरोपच्या कायद्यात स्वतः खायला लागेपर्यंत माशाचं पिल्लू संरक्षित प्राण्यांत मोजत नाहीत. झेब्राफिशच्या बाबतीत ही मुदत साधारण 120 तासांची, म्हणून 96 तासांची चाचणी त्याआधीच संपते. हिशेब कायद्याचा आहे, हे विसरू नये. अंडी घालायला मोठे मासे पाळावेच लागतात.

पेशीवरच्या चाचणीत (क्रमांक 249, 2021) मासाच नाही. रेनबो ट्राउट या माशाच्या कल्ल्यातून कॅनडात तयार केलेला आरटीगिल-डब्ल्यू1 हा पेशींचा वाण प्रयोगशाळेत वाढत राहतो, दर वेळी नवा मासा लागत नाही. पेशी 19 अंशांच्या आसपास वाढतात, रसायनाशी गाठ 24 तासच. मग तीन रंगद्रव्यं घालून पेशीचा चयापचय, तिचं आवरण आणि लायसोसोम (पेशीतल्या टाकाऊ गोष्टी पचवणाऱ्या पिशव्या) शाबूत आहेत का ते चमकेवरून मोजतात. मात्र पेशी वाढवताना सहसा गाईच्या गर्भाचं सीरम वापरतात. तेव्हा 'प्राणीमुक्त' हा शब्दही जरा जपूनच.

आता खरी मेख. कल्ल्याच्या पेशीला मेंदू नाही, नसा नाहीत. जी कीटकनाशकं मज्जासंस्थेवरच घाव घालतात, उदाहरणार्थ परमेथ्रिनसारखी पायरेथ्रॉइडं, ती माशाला अगदी थोड्या प्रमाणात मारतात, पण पेशींवर तितकी घातक दिसत नाहीत. ॲलिल अल्कोहोलचं वेगळंच: ते शरीरात बदलून विषारी होतं, आणि हा बदल पेशीत नीट होत नाही. अंड्यात निदान पूर्ण जीव घडत असतो. तरी मज्जासंस्थेचं विष तिथेही कधीकधी कमी लेखलं जातं, आणि मोठे रेणू अंड्याच्या कवचातून आत शिरत नाहीत. माझं मत असं: सामान्य औद्योगिक रसायनांची पहिली चाळणी पेशीवर करावी, पण बागेतल्या कीटकनाशकासाठी तेवढ्यावर विसंबू नये.

या चाचण्यांबाबत गल्लत होण्याचं एक कारण आपल्याकडच्या सांडपाण्याच्या नियमात आहे. पर्यावरण संरक्षण नियमांनुसार प्रक्रिया केलेल्या निव्वळ सांडपाण्यात 96 तासांनंतर 90 टक्के मासे जगायला हवेत. कारखान्यांत याला नुसतं 'बायो-असे' म्हणतात. ही चाचणी कारखान्याच्या बाहेर पडणाऱ्या पाण्याची, रसायनाची नव्हे; म्हणून रसायनाचा 236 किंवा 249 चा अहवाल फाईलला लावला म्हणून ती टळत नाही.