चाळीस जणांचे तीन तास : ऑफिसच्या भंडाऱ्यामागची पार्श्वभूमी

इंदूरमध्ये ऑफिसातल्या मंडळींनी सुटीच्या सकाळी एकत्र येऊन गरजूंसाठी स्वयंपाक करायचा, या गोष्टीला सध्या दोन नावं आहेत. कढईजवळ उभा असलेला माणूस त्याला भंडारा म्हणतो, एचआरच्या मेलमध्ये तेच सीएसआर, म्हणजे कंपनीने सामाजिक जबाबदारी म्हणून करायचं काम, होतं. हे दोन्ही एकच आहे असं धरून चालल्यामुळे बराच घोळ झाला आहे.

असा विषय निघाला की अहिल्याबाईंच्या अन्नछत्रांपासून सुरुवात करायची पद्धत आहे. ती वाचकांना पाठ आहेत. शिवाय होळकरांच्या खासगीतून चाललेली अन्नछत्रं आणि पगारदारांनी लाटलेल्या पुऱ्या यांचं नातं भावनेपुरतंच. जवळचा पूर्वज गिरण्यांमध्ये सापडतो. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीतल्या झांक्या, म्हणजे सजवलेले देखावे, गिरणी कामगारांनी उभ्या केल्या. हुकुमचंद मिल १२ डिसेंबर १९९१ला बंद पडली आणि ५,८९५ कामगारांची देणी मार्गी लागायला २०२३चा डिसेंबर उजाडला. मधल्या जवळपास सगळ्या वर्षांत वर्गणी आणि मदत जमवून झांकी मात्र निघत राहिली. कारखाना नसतानाही सहकारी म्हणून एकत्र राहायची ही सवय या शहराला होती, एवढंच इथे पुरे.

खरा तिढा २०१४चा. त्या वर्षी १ एप्रिलपासून कंपनी कायद्याचं कलम १३५ लागू झालं. ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एक जरी असलं तरी कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकामावर खर्च करायचे. ही कामं कोणती ते सांगणाऱ्या याच कायद्याच्या सातव्या अनुसूचीत भूक, गरिबी आणि कुपोषण अगदी पहिल्याच ओळीत आहेत. म्हणजे तांदूळ, तेल, भाजी यांची सोय झाली. पण जे हात भाजी चिरतात त्यांचं काय?

केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या १८ जून २०१४च्या परिपत्रकात याचं उत्तर होतं. सीएसआरसाठी दिलेल्या तासांच्या प्रमाणात स्वयंसेवक कर्मचाऱ्यांचा पगार प्रकल्पाच्या खर्चात धरता येईल, असं त्यात म्हटलं होतं. हिशेब करून बघा. चाळीस जणांचे तीन तास म्हणजे एकशे वीस तास. सॉफ्टवेअरवाल्यांच्या पगाराने ते मांडले तर भाजीपाल्याचं बिल त्यापुढे किरकोळ वाटेल. तीनच महिन्यांत, सप्टेंबरच्या परिपत्रकाने, ती तरतूद वगळली गेली. मंत्रालयाच्या जानेवारी २०१६मधल्या प्रश्नोत्तरांत उरलासुरला संशयही फिटला : कर्मचाऱ्यांना सामील करून घ्या, मात्र त्यांच्या विनामूल्य सेवेची रक्कम काढून ती सीएसआर खर्चात दाखवता येणार नाही.

यावर अजूनही वाद होतो. तास धरले असते तर कंपन्यांनी माणसं कामाच्या दिवशीही मोकळी सोडली असती, असं एक बाजू म्हणते. म्हणणं अगदीच पोकळ नाही. पण ज्या तासाचा पगार कंपनीने एरवीही दिलाच असता, तोच पुन्हा दानाच्या खात्यात टाकायचा, म्हणजे भुकेल्याच्या ताटातली पोळी कागदावर दोनदा वाढण्यासारखं झालं असतं. सप्टेंबरची दुरुस्ती झाली ते बरंच झालं.

जूनच्याच परिपत्रकातला दुसरा मुद्दा मात्र सोयीस्करपणे विसरला जातो. एकदाच होणारे कार्यक्रम सीएसआर खर्चात बसत नाहीत. काम प्रकल्प म्हणून चालवावं लागतं. त्यामुळे कुणाच्या वर्धापनदिनी एका शनिवारी वाटलेली पुरी-भाजी, फोटो कितीही चांगले आले तरी, कायद्याच्या अर्थाने बहुधा भंडाराच. शिवाय वरच्या तिन्ही मर्यादांच्या खाली असलेल्या लहान कंपन्यांना हे कलम लागूच नाही. तिथे सीएसआर हा नुसता बोलायचा शब्द.

अन्नसुरक्षेचं सांगायचं तर २००६च्या कायद्यातली अन्नव्यवसायाची व्याख्या ‘नफ्यासाठी असो वा नसो’ अशी आहे. फुकट वाटतो म्हणजे कायद्याबाहेर, असं नाही. उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी २०१९मध्ये वेगळे नियम आले, पण ते लग्नाघरच्या किंवा हॉटेलच्या शिल्लक अन्नाचे. मुद्दाम रांधलेल्याचे नव्हेत.

मग २०२० आलं. करोनावरचा खर्च सीएसआरमध्ये धरला जाईल हे केंद्राने २३ मार्चला सांगितलं, आणि दोन दिवसांत देशभर टाळेबंदी. ऑफिसं बंद, त्यामुळे ‘ऑफिसचा भंडारा’ म्हणावा अशी जागाच उरली नाही. मे महिन्यात मुंबईकडून चालत, ट्रकांतून, रिक्षांतून निघालेले मजूर आग्रा रस्त्याने इंदूरच्या बायपासवर आले, तेव्हा त्यांना जेवण, पाणी आणि चपला द्यायला शहरातली माणसं उभी राहिली. सहकारी एकमेकांना दिसत होते ते फक्त फोनच्या ग्रुपवर. कुणी किती पोळ्या लाटायच्या ते तिथे ठरायचं आणि गोळा करायला ज्याच्याकडे पास असेल तो निघायचा. या तासांचा हिशेब कुणी मागितला नाही.

पुढे जानेवारी २०२१मध्ये नियम बदलले आणि न खर्चलेला पैसा ठरावीक मुदतीत दुसरीकडे वळवणं सक्तीचं झालं. कंपनीला मग मोठ्या, यंत्रांवर चालणाऱ्या स्वयंपाकघराला एकरकमी पैसे देणं सोपं पडतं. कर्मचाऱ्यांच्या वाट्याला येतं ते डबे भरणं आणि वाटणं. त्यामुळे मेलमध्ये आता सकाळी दहाची वेळ असते. कांदा चिरायचा असता तर सहाला बोलावलं असतं.