ग्रिडवर पासवर्ड का पुरला नाही?

दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ सालची. समुद्रप्रवाह आणि मान्सून यांची गणिते एका यंत्रावर मावत नाहीत, हे गोव्यातल्या अभ्यासकांना वेगळे सांगायला नको. काम ग्रिडवर, म्हणजे ठिकठिकाणची संगणन केंद्रे जोडून केलेल्या जाळ्यावर, दूरच्या शहरातल्या यंत्राकडे पाठवायचे म्हटले, की आधी ओळख पटवावी लागते. साधा पासवर्ड का नको, हा विद्यार्थ्यांचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर १९९५ च्या आसपास सापडते.

त्या वर्षी हेलसिंकीच्या एका विद्यापीठात नेटवर्कवरून पासवर्ड चोरले गेले आणि त्यातून तातू युलोनेन यांनी एसएसएच, म्हणजे दूरच्या संगणकाशी सुरक्षितपणे जोडून घेण्याची पद्धत, घडवली. त्याच वर्षी अमेरिकेत आय-वे या प्रयोगात अनेक ठिकाणची संगणन केंद्रे जोडली गेली. पुढे संगणकशास्त्रज्ञ इयन फोस्टर आणि कार्ल केसलमन यांच्या ग्लोबस प्रकल्पाने त्यातून ग्रिडची रचना उभी केली. खरी अडचण तिथेच होती. प्रत्येक केंद्राचा कारभार वेगळा, खाती वेगळी. शिवाय रात्री चालू झालेल्या कामाला तिसऱ्याच केंद्रातून विदा आणायची असते आणि तेव्हा मालक झोपलेला असतो. पासवर्ड यंत्राच्या हाती द्यायचा, तर तो चोराच्याही हाती लागू शकतो.

यावरचा तोडगा मला आजही फार सुंदर वाटतो. मूळ खासगी किल्ली, म्हणजे मालकाची गुप्त डिजिटल किल्ली, आपल्याच संगणकावर राहते. तिच्या सहीने एक अल्पायुषी प्रॉक्सी प्रमाणपत्र निघते, सहसा बारा तासांचे, आणि कामाबरोबर तेवढेच प्रवास करते. हे मुदतीचे मुखत्यारपत्रच. २००४ मध्ये त्याचे मानक ठरले.

मूळ प्रमाणपत्र, म्हणजे किल्ली कोणाची हे सांगणारा दाखला, देणाऱ्यावर जगाने विश्वास ठेवावा, यासाठी २००५ मध्ये आयजीटीएफ हा अशा संस्थांचा महासंघ स्थापन झाला. भारतात सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेने गरुडा ग्रिड उभारली आणि प्रमाणपत्रे देणारी यंत्रणाही चालवली. अर्जदाराने फोटो ओळखपत्रासह प्रत्यक्ष हजर राहायचे, हा अशा प्रमाणपत्रांचा नियम काहींना जाचक वाटे. मला तो योग्यच वाटतो, कारण पुढची सगळी साखळी त्या एका भेटीवर उभी असते.

ही ओळख चालते का, हे तपासण्याची रीतही यातूनच आली. आधी प्रॉक्सी काढायची, मग दूरच्या यंत्राला फक्त त्याचे नाव विचारणारे क्षुल्लक काम पाठवायचे. ते फसले तर पहिल्यांदा घड्याळ बघावे. प्रमाणपत्राला आरंभ आणि अंत दोन्ही वेळा असतात. पावसाळ्यात वीज जाऊन-येऊन जुन्या संगणकाचे घड्याळ मागे पडले, तर खरे प्रमाणपत्रही अमान्य ठरते. किल्लीची फाइल इतरांना वाचता येत असेल, तर प्रॉक्सी निघतच नाही. रद्द प्रमाणपत्रांची यादी शिळी असली तरी दार बंद.

मे २०२० मध्ये चोरलेल्या एसएसएच ओळखींच्या आधारे युरोपातल्या महासंगणकांवर घुसखोरी झाली. एडिनबराचा आर्चर हा महासंगणक काही दिवस बंद ठेवावा लागला. तोवर ग्लोबस टूलकिट या ग्रिडच्या सॉफ्टवेअरला मूळ निर्मात्यांकडून मिळणारा आधार थांबला होता. आता सर्न या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेच्या ग्रिडसह अनेक ठिकाणी प्रमाणपत्रांची जागा टोकन, म्हणजे डिजिटल परवाने, घेत आहेत. टोकनवर कोणत्या कामाची परवानगी आहे, हेही लिहिलेले असते.