आतड्याच्या कर्करोगाच्या नमुन्यातील लसिका ग्रंथींचा शोध

मोठ्या आतड्याच्या किंवा गुदाशयाच्या कर्करोगासाठी कापून काढलेल्या भागाला चरबी चिकटलेली असते. तिच्यातल्या लसिका ग्रंथी (लिम्फ नोड) वेचून सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला देणे, हे ग्रॉसिंगमधले, म्हणजे नमुना डोळ्यांनी पाहून आणि कापून तपासणीचे तुकडे निवडण्याच्या कामातले, सर्वांत चिकाटीचे काम. एकाही ग्रंथीत कर्करोग सापडला, की आजार किमान तिसऱ्या टप्प्यात जातो आणि सहसा केमोथेरपी सुचवली जाते. टप्पा ठरवताना ग्रंथींची स्थिती 'एन' या अक्षराने नोंदवतात: 1 ते 3 बाधित ग्रंथी म्हणजे एन-1, 4 किंवा जास्त म्हणजे एन-2. किमान 12 ग्रंथी तपासाव्यात असा संकेत आहे. त्याहून कमी मिळाल्या आणि सगळ्या निर्दोष निघाल्या, तरी त्या निष्कर्षावर पुरता विसंबता येत नाही. मात्र 12 भरल्या म्हणून हात आखडता घेणेही चूक.

नमुना आल्याबरोबर आतडे उघडून धुतात आणि भरपूर फॉर्मॅलिनमध्ये (ऊती टिकवणाऱ्या द्रावणात) ठेवतात. न उघडलेल्या आतड्यात फॉर्मॅलिन आतवर पोचत नाही. गुदाशयाच्या नमुन्यात बाहेरच्या कडेला आधी शाई लावतात, म्हणजे कर्करोग कडेपर्यंत पोचला का ते सूक्ष्मदर्शकाखाली कळते. ती कड तपासायचे तुकडे घेऊन झाल्याशिवाय चरबी सोलायची नाही, नाहीतर कड कायमची हातची जाते. चरबी 24 ते 48 तास मुरली, की 3 ते 5 मिलिमीटरच्या चकत्या पाडून प्रत्येक चकती बोटांच्या चिमटीत दाबून पाहतात. रक्तवाहिनीही हाताला टणक लागते, पण कापल्यावर तिची पोकळी दिसते. ग्रंथी भरीव असते. बहुतेक ग्रंथी कर्करोगाच्या गाठीच्या आसपास आणि आतड्याच्या भिंतीलगत असतात. तिथली चरबी घाईत भिंतीलाच राहते आणि ग्रंथी निसटतात. बाधित ग्रंथींपैकी पुष्कळशा 5 मिलिमीटरहून लहान, तांदळाच्या दाण्याएवढ्या असतात. म्हणून फक्त मोठ्या ग्रंथी वेचणारा शोध फसवा ठरतो.

हाताने पुरेशा मिळत नसतील तर रसायनांची मदत घेतात. अल्कोहोल आणि झायलीनमधून नेल्यावर चरबी पारदर्शक होते, पण त्यात काही दिवस जातात आणि वाफा घातक असतात. अ‍ॅसिटोन लवकर काम करते, पण ते चटकन पेट घेते. ग्लेशियल अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड, इथेनॉल, पाणी आणि फॉर्मॅलिन यांच्या मिश्रणात ठेवल्यास पिवळ्या चरबीत ग्रंथी पांढऱ्या उठून दिसतात.

मेथिलीन ब्ल्यूची पद्धत स्वस्त आणि सोपी आहे. ताज्या नमुन्यात, फॉर्मॅलिनमध्ये टाकण्याआधी, मुख्य धमनीचे टोक शोधून त्यात बारीक नळी घालतात आणि सलाइनमध्ये पातळ केलेले साधारण 15 ते 20 मिलिलिटर द्रावण हळूहळू सोडतात. ग्रंथी निळ्या होतात. वाहिन्या कापल्या गेल्या असतील तर द्रावण गळून जाते. कर्करोगाने पूर्ण भरलेली ग्रंथी मात्र रंग घेईलच असे नाही, त्यामुळे निळ्याबरोबर बिनरंगीही चाचपाव्याच लागतात.

लहान ग्रंथी अखंड देतात, मोठ्या लांबीच्या दिशेने कापतात. दोन वेगवेगळ्या कापलेल्या ग्रंथींचे तुकडे एकाच कॅसेटमध्ये (तुकडे ठेवायच्या छोट्या जाळीदार डबीत) पडले तर मोजणी चुकते. वाहिनीच्या बांधलेल्या टोकाजवळची सर्वांत वरची ग्रंथी वेगळ्या कॅसेटमध्ये द्यावी. चरबीतला कर्करोगाचा सुटा गोळा, ज्यात ग्रंथीची रचना उरलेली नाही, ग्रंथी म्हणून मोजत नाहीत. इतर ग्रंथी निर्दोष असतील तर त्याची नोंद एन-1सी अशी होते.

आधी रेडिएशन आणि केमोथेरपी झालेल्या गुदाशयात ग्रंथी आक्रसतात, त्यामुळे 12 खरोखरच मिळत नाहीत. अशा वेळी चरबी पुन्हा चाळावी आणि तसे अहवालात लिहावे.