परराष्ट्र धोरण व लोकमत

युद्ध, तह, व्यापारी करार, परदेशांना मदत यांसारख्या प्रश्नांवर नागरिकांची मते नमुना पाहणीने अजमावून सरकारी धोरणाशी त्यांचा संबंध तपासणारी अभ्यासशाखा. तिचा आरंभ सामान्यतः जनमत पाहणीतज्ज्ञ जॉर्ज गॅलप यांनी १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू केलेल्या पाहण्यांपासून धरतात. एकच प्रश्नावली अनेक देशांत वापरण्याचा पहिला मोठा प्रयत्न युनेस्कोच्या पुढाकाराने १९४८ च्या सुमारास नऊ देशांत झाला. त्यांत आशियातील एकही देश नव्हता.

परराष्ट्रव्यवहाराविषयी सामान्य माणसाचे मत स्थिर असते काय, हा या शाखेतील मूळ वाद. अमेरिकी पत्रकार वॉल्टर लिपमन यांनी १९२२ मध्येच जनतेच्या जाणतेपणाविषयी शंका घेतली होती. राज्यशास्त्रज्ञ गेब्रिएल आमंड यांनी १९५० च्या आपल्या पुस्तकात तिला आकडेवारीची जोड दिली. ‘देशापुढील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न कोणता?’ असे विचारल्यावर परराष्ट्रविषयक उत्तर देणाऱ्यांचे प्रमाण सतत खालीवर होते. त्यावरून त्यांनी अमेरिकी लोकमताला ‘लहरी’ ठरविले. १९७० मध्ये अभ्यासक विल्यम कॅस्परी यांनी नेमके या प्रश्नावरच बोट ठेवले. महागाई भडकली की तोच माणूस महागाईचे नाव घेतो. तेवढ्याने परराष्ट्रांविषयीचे त्याचे मत बदलले असे होत नाही. त्याऐवजी ‘देशाच्या भवितव्यासाठी आपण जागतिक घडामोडींत सक्रिय भाग घ्यावा, की त्यांपासून दूर राहावे?’ हा १९४० च्या दशकापासून विचारला जाणारा प्रश्न त्यांनी तपासला, तेव्हा सहभागाच्या बाजूने सातत्याने बहुमत आढळले. आमंड यांनी स्वतः आपल्या पुस्तकाच्या १९६० च्या आवृत्तीत आपले मत सौम्य केले होते. पुढे बेंजामिन पेज व रॉबर्ट शापीरो या राज्यशास्त्रज्ञांनी सुमारे पन्नास वर्षांच्या पाहण्या तपासल्या. परराष्ट्रविषयक ज्या प्रश्नांची पुनरावृत्ती झाली होती, त्यांपैकी सुमारे निम्म्यांच्या उत्तरांत लक्षणीय फरक पडला नव्हता आणि जेथे पडला तेथे बहुधा एखादी ठळक घटना कारण होती (त्यांचा ग्रंथ, १९९२). एकेका व्यक्तीची माहिती तोकडी असली तरी समूहाचे मत सुसंगत राहू शकते, हे त्यांचे प्रतिपादन अधिक सबळ वाटते. लिपमन यांची शंका मात्र पुरती मिटलेली नाही.

सलग आकडेवारीच्या दृष्टीने शिकागो येथील कौन्सिलची पाहणी महत्त्वाची आहे. १९२२ मध्ये स्थापन झालेली ही संस्था २००६ पासून शिकागो कौन्सिल ऑन ग्लोबल अफेअर्स या नावाने ओळखली जाते. १९७४ पासून दर चार वर्षांनी, २००२ नंतर दोन वर्षांनी व अलीकडे दरवर्षी ही पाहणी होते. सक्रिय सहभागाचा वरील प्रश्न तीत कायम असून २००२ मध्ये ७१ टक्के लोकांनी त्याला अनुकूल उत्तर दिले. मात्र आधीच्या प्रत्यक्ष मुलाखतींऐवजी २००२ मध्ये प्रामुख्याने दूरध्वनी आणि २००४ पासून इंटरनेट पॅनेल (आधीच निवडलेल्या लोकांना इंटरनेटवरून प्रश्न विचारण्याची पद्धत) वापरले गेले. मुलाखतकारापुढे उत्तर देणाऱ्याला ‘सांगता येत नाही’ असे सहज म्हणता येते; पडद्यावर तो पर्याय छापलेला नसेल तर प्रश्न सोडून द्यावा लागतो. त्यामुळे जुन्या-नव्या आकड्यांची थेट तुलना जपूनच करावी. जनता व धोरणकर्ते यांची मते शेजारी ठेवल्यास, देशातील नोकऱ्यांच्या रक्षणाला जनता नेत्यांहून बरेच अधिक महत्त्व देते, असे वारंवार दिसले आहे.

अनेक देशांत एकत्र पाहणी करण्याचा प्रयत्न पुढेही झाला; अमेरिकेतील प्यू या संशोधन संस्थेने २००२ मध्ये ४४ देशांत अशी पाहणी केली.

भारतात एरिक द कॉस्टा यांच्या दिल्लीतील इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक ओपिनियनने १९५० च्या दशकात हे काम सुरू केले. अमेरिका, रशिया व चीन यांविषयीच्या तिच्या पाहण्यांचा भर मुंबईसह महानगरांवर राहिला. १९५१ च्या जनगणनेनुसार नागरी लोकसंख्या १७ टक्क्यांच्या आसपास होती. म्हणजे त्या काळचे ‘भारतीय मत’ प्रत्यक्षात शहरी मत होते. २००५-०६ मध्ये राज्यशास्त्रज्ञ देवेश कपूर यांच्या परराष्ट्र धोरणविषयक लोकमताच्या अभ्यासासाठी दोन लाखांहून अधिक कुटुंबांची पाहणी झाली. तीत गरीब व अल्पशिक्षित घरांतून ‘माहीत नाही’ असे उत्तर अधिक आले. ही उत्तरे गाळून काढलेल्या टक्केवारीत शिकलेल्यांच्या मताचे वजन आपोआप वाढते.