अर्थ सांगणारा माणूस : युरोव्हिजनच्या समालोचकांची पार्श्वभूमी

बेळगावात गणपतीच्या दिवसांत भजन स्पर्धा असली की खरी कसोटी निवेदकाची. शहापूरच्या एखाद्या मांडवात पुढच्या रांगेत मराठी आजी, तिला लागून कन्नड मास्तर. पुरंदरदासांचं पद संपलं की माईकवाला आजीसाठी चार शब्दांत अर्थ सांगतो. अभंग झाला की मास्तरांकडे वळून ‘अंदरे’ (कन्नडमध्ये ‘म्हणजे’) म्हणत सुरू होतो. युरोपातल्या देशांच्या युरोव्हिजन गीतस्पर्धेतले टीव्ही समालोचक बरीच वर्षं हेच करत आलेत.

पहिली स्पर्धा २४ मे १९५६ ला स्वित्झर्लंडमधल्या लुगानोत झाली, ७ देशांची. (त्याच वर्षी नोव्हेंबरात आपलं बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूरमध्ये गेलं.) व्यवस्था तेव्हापासून तीच. चित्र आणि रंगमंचावरचा आवाज सगळ्यांना एकच. त्यावर प्रत्येक देशाची वाहिनी आपला माणूस बसवते. सभागृहातल्या खोक्याएवढ्या खोलीत, कानाला हेडफोन लावून, तो घरच्यांशी घरच्या भाषेत बोलतो.

त्याची गरज नियमानंच वाढवली. १९६६ ते १९७२ आणि पुन्हा १९७७ ते १९९८ गाणं आपापल्या देशाच्या भाषेतच म्हणावं लागे. गाणं चालू असताना मध्ये बोलायचं नाही, हा संकेत. मग बोलायचं कधी? १९७० साली ॲमस्टरडॅमला १२च देश आले. कार्यक्रम आखूड पडू नये म्हणून दोन गाण्यांच्या मध्ये छोट्या चित्रफिती घातल्या. त्या ‘पोस्टकार्ड’ म्हणून टिकल्या, आणि समालोचकाला गायक कोण, गाणं कशावर, हे सांगायला हक्काची जागा मिळाली.

त्या जागेत टवाळी आणली ती बीबीसीच्या टेरी वोगन यांनी. लिमरिकचा हा आयरिश माणूस १९८० ते २००८ दरवर्षी ब्रिटनला स्पर्धा ऐकवत होता. २००१ मध्ये कोपनहेगनला निवेदकांची जोडी यमकं जुळवत बोलत राहिली, तेव्हा वोगननी त्यांना ‘डॉक्टर डेथ’ आणि ‘टूथ फेअरी’ अशी नावं ठेवली. डॅनिश लोक भडकले. माझ्या मते तिथं वोगन यांचा तोल गेलाच. शेजारी देश एकमेकांना गुण वाटतात यावरही ते शेवटपर्यंत कुरकुरले. आमच्या सीमाभागात शेजाऱ्यानं गुण दिले तर बातमी होईल!

२००९ पासून ती खुर्ची ग्रॅहम नॉर्टन यांच्याकडे आहे. वोगन जानेवारी २०१६ मध्ये गेले. त्या मे महिन्यात स्टॉकहोमला नवव्या गाण्याच्या वेळी नॉर्टननी त्यांच्या नावानं प्रेक्षकांना पेला उंचावायला सांगितलं.