एरिया सेफ आहे का?

अमेरिकेत शिकायला निघालेल्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जुलै-ऑगस्टमध्ये हा प्रश्न हमखास येतो. कुणी भाड्याच्या घराचा पत्ता टाकतं, कुणी सीनियर "रात्री दहानंतर एकटा चालत येऊ नकोस" असं सांगतो, आणि इकडे नाशिकला किंवा साताऱ्याला आई त्या शहराचं नाव मोबाइलवर शोधून बघते. शहर सेंट लुईस असेल तर 'अमेरिकेतल्या सर्वांत धोकादायक शहरांपैकी एक' ही ओळ तिच्यासमोर येतेच. त्या रात्री तिला झोप लागत नाही. तिची काळजी खरी आहे, म्हणून तिला उत्तरही खरं मिळायला हवं. गुन्हेगारीचा अभ्यास करणाऱ्यांनी गेल्या पन्नास वर्षांत असं उत्तर बऱ्याच कष्टाने शोधलं आहे. पण ते शहराच्या नावाला चिकटलेल्या आकड्यात सापडत नाही.

आधी तो आकडाच पाहू. २०२० साली सेंट लुईस शहरात २६३ खून झाले. शहराची लोकसंख्या होती ३,०१,५७८. भागाकार केला की दर लाखामागे ८७ खून येतात. हा दर पाहिला की सगळ्यांची नजर वरच्या आकड्यावर, म्हणजे खुनांवर जाते. मला वाचकांचं लक्ष खालच्या आकड्याकडे वळवायचं आहे.

१८७६ साली सेंट लुईसने आपल्या काउंटीशी काडीमोड घेतला. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. शहर तेव्हा भरभराटीला आलेलं, मिसिसिपी नदीवरचं मोठं व्यापारी बंदर. काउंटीतल्या शेतवाडीच्या भागाचा खर्च आपण का सोसायचा, असा शहरवासीयांचा सवाल होता. तेव्हा आखलेली हद्द आजही तिथेच आहे, साधारण १६० चौरस किलोमीटर. पुढे मोटारी आल्या, महामार्ग आले, ऐपतदार कुटुंबं हद्दीपलीकडे घरं बांधत गेली, आणि शहराला ती उपनगरं पोटात घेता येईनात. १९५० मध्ये शहरात ८,५६,७९६ लोक राहत होते. २०२० मध्ये त्यांच्यातले जेमतेम एक तृतीयांश उरले. आजूबाजूचा सगळा महानगर परिसर धरला तर मात्र वस्ती २८ लाखांच्या घरात जाते. रोजच्या बोलण्यात आपण ज्यांना 'सेंट लुईसचे' म्हणू, त्या नऊ-दहा माणसांतला एकच जण या भागाकारात मोजला जातो, आणि त्यात जुन्या, गरीब, रिकाम्या होत गेलेल्या वस्त्यांचा वाटा मोठा आहे.

याउलट जॅक्सनविल या शहराने १९६८ मध्ये आणि इंडियानापोलिसने १९७० मध्ये शहर आणि काउंटी एकत्र केली. त्यांच्या भागाकारात शांत उपनगरंही येतात, त्यामुळे दर आपोआप खाली दिसतो. म्हणूनच गुन्ह्यांचे आकडे जाहीर करणारी एफबीआयच सांगत आली आहे की या आकड्यांवरून शहरांची क्रमवारी लावू नका. तरी दरवर्षी ती लागतेच.

याचा अर्थ सेंट लुईसमधली हिंसा खोटी आहे असा मुळीच नाही. त्या २६३ घरांतलं दुःख कुठल्याही भागाकाराने कमी होत नाही. पण ते कुठे घडलं हे दर सांगत नाही. शहराच्या मधून डेलमार बुलेवार्ड हा रस्ता पूर्व-पश्चिम जातो. त्याच्या उत्तरेला मुख्यतः कृष्णवर्णीयांची वस्ती आहे, दक्षिणेला मुख्यतः गोऱ्यांची, आणि उत्पन्नाची, घरांच्या किमतीची रेघही तिथेच बदलते. ही रेघ आपोआप उमटलेली नाही. 'हे घर कृष्णवर्णीयांना विकणार नाही' असे करार इथल्या गल्ल्यांमध्ये होते. असे करार न्यायालयातून बजावून घेता येणार नाहीत, हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९४८ चा निकाल ज्या खटल्यात लागला, तो सेंट लुईसमधल्याच लॅबडी ॲव्हेन्यूवरच्या एका घरावरून उभा राहिला होता. निकालाने करारांचा कायदेशीर जोर गेला, पण वस्त्या तशाच राहिल्या.

आता आणखी जवळ जाऊ. १९८०च्या दशकात गुन्हेगारीचे अभ्यासक लॉरेन्स शर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिनिआपोलिस या शहराच्या पोलिसांकडे वर्षभरात आलेले ३,२३,९७९ फोन घेतले आणि प्रत्येक फोन कुठल्या पत्त्यावरून किंवा कुठल्या चौकातून आला ते लावून पाहिलं. शहरात असे सुमारे १,१५,००० पत्ते आणि चौक होते. त्यांच्यापैकी फक्त ३ टक्के ठिकाणांहून निम्मे फोन आले होते. वर्षभरातल्या लूटमारीच्या सगळ्या घटना २.२ टक्के ठिकाणी घडल्या होत्या. १९८९ मध्ये हा अभ्यास छापून आला आणि 'वाईट वस्ती' या शब्दाचा पायाच डळमळला. कारण ज्याला लोक वाईट वस्ती म्हणत, तिथेही बहुतेक पत्ते वर्षभर शांत होते. गडबड होती ती एका बारपाशी, एखाद्या रात्रभर उघड्या दुकानापाशी, एका विशिष्ट बसथांब्यावर.

हा योगायोग असेल, पुढच्या वर्षी ठिकाणं बदलतील, अशी शंका रास्त होती. डेव्हिड वाइसबर्ड यांनी सिॲटलमधला १४ वर्षांचा, १९८९ ते २००२ चा हिशोब मांडला. त्यांनी पत्त्याऐवजी रस्त्याचा तुकडा धरला, म्हणजे एका चौकापासून पुढच्या चौकापर्यंतचा. दरवर्षी निम्मे गुन्हे ४ ते ५ टक्के तुकड्यांवरच होत राहिले. त्या काळात शहरातली गुन्हेगारी बरीच उतरली, पण रस्त्यांच्या ८४ टक्के तुकड्यांवर फारसा बदल झालाच नव्हता. उतार आला तो मुख्यतः १४ टक्के तुकड्यांमुळे.

म्हणून सीनियरला विचारायचाच असेल तर प्रश्न असा विचारावा: बस जिथे उतरवते तिथपासून दारापर्यंतचे दोन तुकडे कसे आहेत? रात्री अकराला त्या रस्त्यावर कोण असतं? शेजारची दोन घरं राहती आहेत की फळ्या ठोकून बंद? या प्रश्नांची उत्तरं 'एरिया सेफ आहे' या वाक्यापेक्षा कितीतरी जास्त सांगतात.

पोलिसांच्या कामाबद्दलची आपली समजूतही या चित्रामुळे बदलते. सेंट लुईस ज्या मिसुरी राज्यात आहे, त्याच्या दुसऱ्या टोकाला कॅन्सस सिटी आहे. तिथे १ ऑक्टोबर १९७२ पासून वर्षभर एक धाडसी प्रयोग चालला. पोलीसप्रमुख होते क्लॅरेन्स केली, जे पुढच्याच वर्षी एफबीआयचे संचालक झाले. शहराच्या दक्षिण भागातले १५ गस्तीचे पट्टे निवडले. पाचांमध्ये नेहमीची गस्त चालू ठेवली, पाचांमध्ये गाड्या दुपटी-तिपटीने वाढवल्या, आणि पाचांमध्ये गस्त बंदच केली. फोन आला तरच गाडी जायची. वर्षाअखेर मोजलं तर तिन्ही ठिकाणी गुन्ह्यांत लक्षणीय फरक नव्हता. लोकांच्या भीतीत नव्हता, पोलिसांविषयीच्या समाधानातही नव्हता. गस्त बंद झाल्याचं बहुतेकांच्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं.

त्यावरून अनेकांनी 'पोलिसांचा काही उपयोग नाही' असा निष्कर्ष काढला. मला तो घाईचा वाटतो, आणि मिनिआपोलिसचा नकाशा समोर ठेवला की का ते कळतं. वाटेल तशी फिरणारी गाडी आपला बहुतेक वेळ जिथे काहीच घडत नाही अशा रस्त्यांवर घालवते. शर्मन आणि वाइसबर्ड यांनी मग मिनिआपोलिसमधलेच ११० हॉटस्पॉट, म्हणजे जिथे गुन्हे एकवटलेले असतात अशा जागा, घेतले, चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गट पाडले, आणि ५५ ठिकाणी गस्त वाढवली. तिथे पोलिसांना येणारे गुन्ह्यांचे फोन ६ ते १३ टक्क्यांनी घटले. ख्रिस्तोफर कोपर यांनी त्याच नोंदी तपासल्या तेव्हा एक उपयोगी गोष्ट हाती लागली. गाडी नुसती जवळून गेली तर परिणाम लगेच विरतो, पण पोलीस दहा-पंधरा मिनिटं तिथे थांबून गेला तर त्यानंतरही बराच वेळ शांतता टिकते. त्याहून जास्त थांबण्याने फायदा वाढत नाही.

एका चौकातून हुसकावलं तर गुन्हेगार पुढच्या चौकात जाईल, हे सगळ्यांनाच पटणारं गृहीतक. न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीत ते मुद्दाम तपासलं गेलं. आजूबाजूच्या गल्ल्यांमध्ये गुन्हे वाढले नाहीत. तिथेही परिस्थिती थोडी सुधारली. अमली पदार्थ विकणाऱ्याचं गिऱ्हाईक, ओळखी, पळायच्या वाटा, सगळं त्या एका कोपऱ्याशी बांधलेलं असतं. दुकान हलवणं त्यालाही सोपं नसतं.

मात्र पोलीस कसे वागतात, हा प्रश्न यातून सुटत नाही. १८७६ च्या त्या हद्दीबाहेर सेंट लुईस काउंटीत पुढे जवळपास ९० छोट्या-छोट्या नगरपालिका झाल्या. अनेकांचे स्वतःचे पोलीस, स्वतःची न्यायालयं. त्यांच्यातली एक फर्ग्युसन. ९ ऑगस्ट २०१४ रोजी तिथे मायकेल ब्राउन हा १८ वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा पोलिसाच्या गोळीने मारला गेला आणि महिनोन्‌महिने निदर्शनं झाली. पुढच्या मार्चमध्ये केंद्रीय न्याय खात्याने अहवाल दिला: इथले पोलीस आणि न्यायालय सुरक्षिततेपेक्षा दंडवसुलीतून तिजोरी भरण्यावर चालतात, आणि त्याचा भार कृष्णवर्णीयांवर पडतो. ज्या पोलिसाने कालपर्यंत मागचा दिवा फुटला म्हणून दंड उकळला, त्याच्यापुढे उद्या खुनाची साक्ष द्यायला कोण जाईल? आणि मिनिआपोलिस, जिथे हॉटस्पॉटचं शास्त्र जन्मलं, तिथेच मे २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड यांचा जीव पोलिसाच्या गुडघ्याखाली गेला. कुठे जायचं हे शास्त्र सांगतं. तिथे जाऊन माणसाशी कसं वागायचं हे त्या नकाशात नसतं, आणि ते चुकलं तर नकाशाही फुकट जातो.

तर मग काही जागाच अशा का होतात? १९७९ मध्ये लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन यांनी याचं एक साधं उत्तर मांडलं. गुन्हा घडायला तीन गोष्टी एका वेळी एका जागी याव्या लागतात: करणारा, सोपं सावज, आणि राखण करणाऱ्याची अनुपस्थिती. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिका सुबत्तेत असतानाही घरफोड्या वाढल्या, याचं कोडं त्यांनी असं सोडवलं: बायका नोकरीला जाऊ लागल्या, दिवसा घरं रिकामी राहिली, आणि त्याच काळात टीव्हीसारख्या वस्तू उचलून नेण्याइतक्या हलक्या झाल्या. माणसं अधिक वाईट झाल्याचं गृहीत धरावंच लागत नाही.

याचं अगदी अलीकडचं उदाहरण मिलवॉकीचं. २०२१ मध्ये तिथल्या वाहनचोऱ्या एका वर्षात दुपटीहून वाढल्या आणि चोरीला गेलेल्या गाड्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश किया आणि ह्युंदाईच्या होत्या. अमेरिकेत विकलेल्या त्यांच्या बऱ्याच मॉडेलांमध्ये इमोबिलायझर नव्हता, म्हणजे खरी किल्ली ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था. ती गाडी कशी सुरू करायची याचे व्हिडिओ किशोरवयीन मुलांमध्ये पसरले आणि साथ सेंट लुईससह देशभर गेली. शेजारच्या कॅनडात इमोबिलायझर २००७ पासून सक्तीचा, त्यामुळे तिथे ही साथ पसरली नाही. मुलं तिथेही तीच, व्हिडिओही तेच.

सावज अवघड करता येतं तशी राखणही वाढवता येते, आणि त्यासाठी गणवेश लागतोच असं नाही. या विषयातलं हे संशोधन मला सर्वांत मोलाचं वाटतं. मिशिगनमधलं फ्लिंट हे जनरल मोटर्सचं जन्मगाव. १९६० मध्ये तिथे १,९६,९४० लोक होते, २०२० मध्ये ८१,२५२. कारखाने गेले, माणसं गेली, घरं पडली आणि हजारो प्लॉट ओसाड झाले. कमरेएवढं गवत, फेकलेले टायर, तुटकी गाडी. अशा जागेवर कुणाचीच नजर नसते. पिस्तूल लपवायला ती सोयीची, झडती झाली तर अंगावर काही सापडत नाही. तिथल्या काही संस्था, चर्च आणि गल्लीतली मंडळं यांनी हे प्लॉट साफ करून उन्हाळाभर गवत कापत ठेवायचं काम घेतलं. असे राखलेले प्लॉट असलेल्या रस्त्यांवर, ओसाड प्लॉट असलेल्या रस्त्यांच्या तुलनेत, मारहाण आणि हिंसक गुन्हे जवळपास ४० टक्के कमी आढळले.

जी मंडळी आधीच एकजुटीची, त्यांच्याच गल्लीत प्लॉट साफ झाले असतील, ही शंका तरीही उरते. फिलाडेल्फिया हे मोठं शहर, पण ही शंका तिथे फेडली गेली. चार्ल्स ब्रानास आणि सहकाऱ्यांनी ५४१ ओसाड प्लॉट औषधाच्या चाचणीसारखे यादृच्छिक पद्धतीने गटांत वाटले. काहींवर कचरा काढून, जमीन सपाट करून, हिरवळ आणि थोडी झाडं लावली; काहींवर नुसती सफाई आणि गवतकापणी केली; काही तसेच ठेवले. २०१८ मध्ये निष्कर्ष आले. दारिद्र्यरेषेखालच्या वस्त्यांमध्ये, सुधारलेल्या प्लॉटांच्या आसपास बंदुकीची हिंसा २९ टक्क्यांनी घटली, घरफोड्या २२ टक्क्यांनी. घराबाहेर पडताना वाटणारी धास्ती ५८ टक्क्यांनी कमी झाली.

हिरवळ केलेल्या त्या प्लॉटांभोवती लाकडी दांड्यांचं बुटकं कुंपण घातलं होतं. त्यात ये-जा करायला मुद्दाम वाट ठेवली होती, म्हणजे गाडी आणून कचरा टाकता येणार नाही, पण शेजारपाजारच्यांना आत येता येईल. सुधारलेल्या प्लॉटांजवळच्या रहिवाशांमध्ये गप्पागोष्टींसाठी बाहेर येऊन बसण्याचं प्रमाण ७६ टक्क्यांनी वाढलं.